कोल्हापूरच्या लग्नाला आलेल्या पाहुण्यांना काय खाऊ घालावं, काय पाजावं आणि काय ऐकवावं

विचारणा थोडक्यात अशी: डिसेंबरात कोल्हापुरात बहिणीचं लग्न. पाहुणे शुक्रवारपासून येणार, शनिवारी हळद, रविवारी दुपारी अक्षता, सोमवारी पांगापांग. नवरदेवाकडचे नागपूरचे, नवरीच्या ऑफिसातले बंगळुरूचे, शिवाय जर्मनीहून दोन मैत्रिणी. सगळ्यांना मोबाईलवर पाठवता येईल अशी खाण्यापिण्याची आणि गाण्याबजावण्याची यादी हवी आहे.

मी कोल्हापुरात लग्नाचं जेवण आणि पाहुण्यांची सोय ही दोन्ही कामं घेतो. यादी लगेच देतो, पण ती आहे तशी पाठवू नका. नुसती यादी हातात पडली की पाहुणे ती एका दिवसात उरकायला निघतात. सकाळी मिसळ, दुपारी मटण, संध्याकाळी भेळ, रात्री कट्ट्यावर दूध. मग रविवारी मुहूर्ताच्या वेळी निम्मे लोक खोलीत आडवे आणि नवरीचा मामा औषधाच्या दुकानात. कोल्हापूरचं खाणं वेळेला बांधलेलं आहे, आणि तुमच्याकडे मधोमध लग्नही आहे. म्हणून कोणाला, कधी, काय हे आधी ठरवा.

पाहुणे येतात कसे, इथूनच सुरुवात करू. बंगळुरूचे बरेच जण राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं येऊन मिरजेला उतरतात. त्यांना तडक गाडीत कोंबून कोल्हापूरला आणू नका. मिरजेत तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्यांची गल्ली आहे, तिथं तासभर थांबवा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे वाळवलेले भोपळे ओळीनं टांगलेले असतात, कारागीर मांडीवर दांडी घेऊन घासत बसलेला असतो, एखादा नुकताच तारा चढवलेला तंबोरा जुळवत असतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले. ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ आजही गाणं होतं. ऑफिसातल्या दहा जणांपैकी दोघांना यात खरा रस असेल, बाकीचे फोटो काढतील. चालतं. फक्त आधी फोन करून जा, कारागिराचा कामाचा दिवस मोडू नका.

नागपूरकर महाराष्ट्र एक्सप्रेसनं येतील. प्रवास लांबलचक, माणसं आंबलेली. त्यांना उतरल्या उतरल्या आंघोळीला गरम पाणी आणि साधा भात-आमटी द्या, कौतुकाचं खाणं नंतर. आणि एक लक्षात ठेवा, सावजी खाऊन वाढलेल्या माणसाला 'आमच्याकडचं तिखट झेपणार नाही हं तुम्हाला' असं म्हणू नका. त्याला झेपतं. त्याला नवलाई वाटेल ती पांढऱ्या रश्श्याची, कारण तसलं काही त्याच्या ताटात नसतं.

मिसळ ही शनिवारी सकाळची गोष्ट आहे, रविवारची अजिबात नाही. उद्यमनगरातली फडतरे, कसबा बावड्यातली बावडा मिसळ, खासबागेकडची, यातली थोर कोणती यावर आमच्याकडे सख्खे भाऊ वाद घालतात, तेव्हा मी त्यात पडत नाही. मुक्कामापासून जवळ असेल ती गाठा. चांगल्या ठिकाणची मिसळ दुपारपर्यंत संपते, म्हणून नऊच्या आत पोचलेलं बरं. तळाला मटकीची उसळ, वर बटाटा, चिवडा, शेव, कांदा, कोथिंबीर, आणि त्यावर कट, म्हणजे तिखट तर्रीदार रस्सा. सोबत ब्रेडच्या स्लाइस येतात. मुंबई-पुण्याचा माणूस 'पाव कुठंय' म्हणून विचारतोच. नवख्या पाहुण्यानं कट वेगळ्या वाटीत मागावा आणि चमच्यानं घालत जावा. दही मागायला लाजू नये. ज्यांना तेही नको त्यांच्यासाठी दावणगिरी लोणी डोसा आहे. तो मूळचा कर्नाटकातला, पण इथल्या गाड्यांवर असा रुजलाय की कोल्हापूरकर त्याला आपलाच समजतो. बंगळुरूची मंडळी त्याला नावं ठेवतील आणि दुसरा मागवतील.

रविवारी सकाळी कार्यालयात शिरा, उप्पीट, चहा. बस.

आता मटण. ते कोणत्या वारी ठेवायचं हे आचाऱ्याला विचारण्याआधी दोन्हीकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. डिसेंबरात बहुतेक मार्गशीर्ष चालू असतो. काही घरांत फक्त गुरुवार पाळतात, काही घरांत महिनाभर सामिष शिजत नाही, आणि खंडोबाचं नवरात्र असेल तर चंपाषष्ठीपर्यंत वेगळंच. अक्षतांचं जेवण शाकाहारीच असतं. मटण हळदीच्या रात्री किंवा लग्नानंतरच्या जेवणाला. तुमच्या वेळापत्रकात मी ते शनिवारी रात्री न ठेवता सोमवारी दुपारी ठेवलं असतं, देवदर्शन उरकून. पण सोमवार पाळणारे निघाले तर मग शनिवारी ठेवा आणि नऊच्या आत पंगत उठवा.

बाहेर हॉटेलात नेणार असाल तर थाळी मागवली की काम झालं. घरचा आचारी लावणार असाल तर पांढऱ्या रश्श्यावर स्वतः लक्ष ठेवा, कारण मोठ्या पातेल्यात तोच बिघडतो. मटण आलं, लसूण, हळद, मीठ लावून शिजवलं की जो रस निघतो तो अळणी. त्यातला एक भाग तांबड्याला जातो: परतलेला कांदा-खोबरं, तीळ आणि कांदा-लसूण चटणी. दुसरा भाग पांढऱ्याला: खसखस, तीळ, काजू यांचं बारीक वाटण, खडा मसाला आणि शेवटी नारळाचं दूध. हे दूध पडल्यावर आच मंद हवी आणि डाव थांबता कामा नये. एकदा खळाखळा उकळी फुटली की रस्सा फाटतो, तेल वर तरंगतं आणि खाली रवाळ चोथा राहतो. शंभर माणसांचा रस्सा एकाच वेळी करून चुलीवर ठेवणारा आचारी असेल तर त्याला सांगा की अळणी आणि वाटण एका पातेल्यात तयार ठेव, नारळाचं दूध वेगळं ठेव, आणि दोन-तीन पंगतींपुरतं लागेल तसं एकत्र कर. रात्री साडेदहाला विमानतळावरून येणाऱ्या पाहुण्यालाही मग ताजा रस्सा मिळतो. मटणाचा हिशोब माणशी 200 ते 250 ग्रॅम कच्चं धरा. रश्श्याचा हिशोब मात्र धरू नका, तो पुरून उरला पाहिजे.

जर्मन मैत्रिणींना कोणीतरी शेजारी बसून सांगा: पांढरा रस्सा आधी वाटीनं प्यायचा, सुकं भाकरीशी, तांबडा भातावर. वाढपी रस्सा ओततच राहतो, नको असेल तर वाटीवर आडवा हात धरायचा. तोंडानं 'नो, थँक यू' म्हटलं तर तो आग्रह समजून आणखी वाढतो. तोंड भाजलं तर पाण्याच्या मागे लागू नका, सोलकढी किंवा दही-कांदा घ्या.

शाकाहारी पाहुण्यांना 'व्हेज कोल्हापुरी' खायला पाठवू नका. ती भाजी हॉटेलांच्या मेनूकार्डावर राहते, आमच्या घरात ती कोणी करत नाही. त्यांना अख्खा मसूर आणि रोटी द्या, भरली वांगी आणि ज्वारीची भाकरी द्या, किंवा पन्हाळ्यावर नेऊन झुणका-भाकर, दही आणि मिरचीचा खर्डा खाऊ घाला. गडाच्या वाऱ्यात ती भाकरी वेगळीच लागते. लग्नाच्या पंगतीत मसालेभात, मठ्ठा, जिलेबी हे सगळीकडे असतंच. तुम्ही आग्रह धरा तो गव्हाच्या खिरीचा. शिरोळ-हातकणंगल्याकडे ही खीर अजून पंगतीत असते, गुळातली, वर तूप. बाहेरच्या पाहुण्याला पनीर कुठंही मिळतं. जैन पाहुणे असतील तर त्यांची पंगत सूर्यास्ताआधी आणि कंदमुळांशिवाय लावा. या भागात जैन वस्ती जुनी आणि मोठी आहे, कुठल्याही चांगल्या आचाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही, फक्त आकडा आधी सांगावा लागतो.

संध्याकाळी पोट हलकं ठेवायचं असेल तर खासबागेजवळची राजाभाऊंची भेळ, किंवा रंकाळ्यावर फिरत काहीबाही. भेळ खाऊन झाली की पलीकडे शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं खासबागचं कुस्ती मैदान दाखवा. जर्मन मैत्रिणी तिथं भेळेपेक्षा जास्त रमतील.

पिण्याचं पहिलं नाव दूध कट्ट्याचं. गंगावेशीत पहाटे आणि संध्याकाळी म्हशी येतात, समोर धार काढतात, फेसाळलेला पेला हातात देतात. तालमीतल्या पैलवानांची ही जुनी सवय, आणि गावातली माणसं अजून तिथं रांगेत उभी असतात. पाहुण्यांना दाखवायला न्या, जरूर न्या. पण हे कच्चं दूध आहे. ज्याचं पोट त्याला सरावलेलं नाही त्यानं लग्नाच्या आदल्या दिवशी ते पिऊ नये, लहान मुलांना आणि गरोदर बाईला तर मुळीच देऊ नका. मी पाहुण्यांसाठी तिथलंच दूध किटलीत घेऊन येतो आणि कार्यालयात उकळून, वर वेलची घालून देतो. मजा थोडी कमी होते, रविवार मात्र वाचतो. ज्यांना पैलवानी थाटाचंच काही हवं त्यांना बदामाची थंडाई द्या.

डिसेंबर असल्यानं तुम्हाला गुऱ्हाळ मिळेल. मे महिन्यातल्या लग्नवाल्यांना ते सुख नाही. शनिवारी मिसळीनंतर गाड्या तिकडं वळवा. आधी उसाचा रस, मग काहिलीपाशी, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढईपाशी, उभं राहून रस आटताना बघायचा. वाफेनं चष्मे धुरकट होतात, पायाखाली उसाच्या चोयट्या, आणि गूळ करणारा गुळव्या मोठ्या फावड्यानं पाक वाफ्यात ओढत असतो. त्याला विचारलं तर तो ओला गरम गूळ उसाच्या कांड्यावर लावून देतो. काकवीची बाटली तिथूनच घ्या, दुकानात तीच जास्त पैशांना मिळते. लहान मुलांना काहिलीपासून लांब ठेवायला एक माणूस नेमून द्या, हे मी प्रत्येक वेळी सांगतो आणि प्रत्येक वेळी कोणीतरी हसतं.

दारूचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण पाहुणे विचारतील. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना लागतो, एक दिवसाचाही मिळतो. बिअरसाठी वय 21 पूर्ण हवं, कडक दारूसाठी 25. लॉनवर किंवा हॉलमध्ये पार्टी ठेवणार असाल तर उत्पादन शुल्क विभागाकडून त्या दिवसाचा वेगळा परवाना काढावा लागतो. तो जागेच्या मालकाकडे आहे का हे आगाऊ रक्कम देण्याआधी बघा. आणि गोव्याच्या विमानतळावर उतरून गाडीनं येणाऱ्यांना स्पष्ट बजावा: तिथल्या स्वस्त बाटल्या डिकीत घालून आणू नका. वाटेत तपासणी होते, आणि नवरदेवाचा मित्र मांडवाऐवजी नाक्यावर बसून राहतो. अक्षतांच्या दिवशी कार्यालयात दारू आली तर दोन्हीकडची वडीलधारी माणसं वर्षानुवर्षं ते बोलून दाखवतात, तेव्हा जे काय करायचं ते शुक्रवारी, हॉटेलात.

आता वाजवण्या-गाण्याकडे येतो. इथं माझं मत एकांगी आहे: वरातीला डॉल्बी लावू नका. भिंती हादरतात, म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडतं, कोणाला कोणाचं ऐकू येत नाही, आणि रात्री दहानंतर तो तसाही बंद करावा लागतो. त्याऐवजी हलगी-घुमकं-कैताळ, ही आमच्याकडची तालवाद्यं, आणा. पाच-सहा माणसांचा ताफा असतो, मागं जनरेटरची गाडी लागत नाही, आणि ठेका असा की जर्मन असो की नागपूरकर, पाय आपोआप उचलतो. कुस्तीच्या मैदानात जो कडकडाट ऐकू येतो तोच हा. मात्र हलगी कातड्याची असते. डिसेंबरात संध्याकाळी दव पडलं की पान सैल पडतं आणि आवाज बसतो. मग वाजवणारे जाळ करून हलगी शेकतात, बोटानं टिचकी मारून बघतात, पुन्हा शेकतात. बऱ्याच लॉनवर जाळ करू देत नाहीत. म्हणून मालकाशी आधीच बोला आणि कोपऱ्यात एक शेगडी ठेवायची परवानगी घ्या. हल्ली प्लास्टिकच्या पानाच्या हलग्याही मिळतात, त्यांना शेक लागत नाही. पण कान असलेल्या माणसाला फरक कळतो. ताफ्याला ठरलेले पैसे आणि पोटभर जेवण, दोन्ही द्या, आणि जेवण वरातीच्या आधी. रिकाम्या पोटी दोन तास वाजवायला लावणारी लग्नघरं मी बघितली आहेत आणि तिथला ठेकाही ऐकला आहे.

धनगरी ढोल आणि गजीनृत्यही सांगून आणता येतं. त्याला मोकळी जागा लागते. लॉन असेल तरच बोलवा, कार्यालयाच्या जिन्यात त्याची दैना होते. त्याचं खरं रूप ऑक्टोबरात पट्टणकोडोलीला, विठ्ठल बिरदेवाच्या यात्रेत, भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या गर्दीत दिसतं. तुमचे पाहुणे तेव्हा नसतील, पण ज्याला गोडी लागेल त्याला ही तारीख सांगून ठेवा.

गोंधळ तुमच्या घरात असेलच. बहुतेक घरं तो घरच्या माणसांपुरता ठेवतात आणि पाहुण्यांना हॉटेलवर झोपायला पाठवतात. मी म्हणतो त्यांना बसवा. चौक मांडलेला, दिवटी पेटलेली, संबळ आणि तुणतुणं सुरू झालेलं, आणि गोंधळी एकेका देवाला नावानिशी बोलावतोय: कोल्हापूरची अंबाबाई, तुळजापूरची भवानी, वाडी रत्नागिरीचा जोतिबा. आधी देवांना आवतण, मग आख्यान, आणि आख्यानात विनोद येतात तेव्हा भाषा न कळणाराही हसतो. पाहुण्यांना दोनच गोष्टी सांगा. दिवटीवर तेल घालायला बोलावलं तर उठायचं, आणि मध्येच टाळ्या वाजवायच्या नाहीत. मुलं झोपली तर झोपू द्या, सगळ्यांची झोपतात.

शास्त्रीय गाण्याची आवड असलेला एखादा पाहुणा निघाला तर त्याला कोल्हापूर वेगळं दाखवावं लागतं. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते, आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी या गावात रुजली, वाढली. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्याच शिष्या. गायन समाज देवल क्लब ही इथली संगीत संस्था 1883 पासूनची. तिथं त्या आठवड्यात कार्यक्रम आहे का ते बघा, असेल तर शुक्रवारची संध्याकाळ तिकडं. पण हेच गाणं लग्नाच्या जेवणाच्या वेळी ठेवू नका. कोणीतरी विलंबित ख्याल आळवतोय आणि समोर चारशे माणसं जिलेबीसाठी उभी, यात दोघांचाही अपमान आहे. सकाळी मांडवात सनई-चौघडा ठेवा, तो त्या वेळेचाच आहे. जेवणाला काहीच नको, माणसं बोलायलाच आलेली असतात.

सोमवारी नवं जोडपं अंबाबाईला आणि मग जोतिबाला जाईल. पाहुण्यांनी सोबत जावं. जोतिबाला दवणा, खोबरं आणि गुलाल. गुलाल इतका की पायऱ्या, भिंती, पुजाऱ्याची टोपी, सगळं गुलाबी. म्हणून विमान पकडणाऱ्यांनी जुने कपडे घालावेत आणि बॅगेत एक जोड वेगळा ठेवावा. 'जोतिबाच्या नावानं' असा पुकारा झाला की 'चांगभलं' म्हणायचं, एवढं सगळ्यांना शिकवून ठेवा. बंगळुरूची मंडळी ते परतीच्या गाडीतही म्हणत जातात.

जाताना बांधून देण्यासाठी भडंग सर्वांत सोयीचं: हलकं, सुकं, टिकाऊ. जयसिंगपूरचं घ्या. कांदा-लसूण चटणी घरचीच द्या, पण दोन पिशव्यांत घालून, नाहीतर शेजारच्या कपड्यांना महिनाभर वास राहतो. गुळाची भेली लहान घ्या. नृसिंहवाडी वाटेत असेल तर कवठाची बर्फी आणि पेढे, बासुंदी मात्र तिथंच बसून खायची, प्रवासात ती टिकत नाही. जर्मनीच्या मैत्रिणींना दुधाचे पदार्थ देऊ नका. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे, विमानतळावर काढून घेतात. त्यांना भडंग, चटणी आणि मापाच्या कोल्हापुरी चपला द्या. मापाचं आधीच विचारून घ्या, आणि चपला शुक्रवारीच आणा. दोन दिवस घरात घालून फिरल्या की चामडं सैल होतं, नाहीतर रविवारी मांडवात पायाला फोड घेऊन बसतील.